डावीकडची दाढ

लेकीच्या घरी राहायला आला त्या पहिल्या दिवशी म्हाताऱ्याने आपली टोपी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याला अडकवली. लेकीने ती लगेच काढली आणि त्याच्या हातात दिली.

"तिथे नको, बाबा. दारामागे लावा."

"का गं? एवढा चांगला खिळा मोकळा पडलाय."

"तो लागणार आहे," ती म्हणाली आणि कळशी उचलून आत गेली.

खिळ्याच्या शेजारी दोन फोटो होते. एक जावयाच्या वडिलांचा, दुसरा आजोबांचा. दोघांच्याही मिशा काळ्याभोर, गाल भरलेले. ओळख नसलेल्याने त्यांना भाऊ म्हटलं असतं, आणि जावई त्यांच्या शेजारी उभा राहिला असता तर तिसरा भाऊ. म्हाताऱ्याने टोपी दारामागे लावली. लेकीचं घर म्हणजे परक्याचं घर. जास्त विचारायचं नाही, हे तो जाणून होता.

तो वरच्या डोंगराळ मुलखातला, कवळ्या करणारा कारागीर. उभा जन्म लोकांच्या तोंडात गेला, असं तो स्वतःच म्हणायचा. तिकडे ऐंशी-नव्वदीचे बाप्ये त्याच्याकडे यायचे आणि भांडायचे, "मजबूत कर रे, अजून वापरायचीय." बायको गेली, घर खायला उठलं, आणि लेकीने आग्रह धरला. तिच्या शहरातल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना कारागीर हवाच होता. म्हातारा गाडीत बसला आणि खाली उतरला. देश तोच, नाणं तेच, रेडिओवरचा आवाज तोच. फक्त हवा जरा जड वाटली.

दुसऱ्या दिवशी तो रस्त्यावर निघाला तर लोक बघायला लागले. वाईट नजरेने नाही. लग्नात नवरीकडे बघतात तसे, पोटभर. एका दुकानदाराने तराजू तसाच धरून ठेवला. एक बाई पुढे आली, म्हणाली, "बाबा, रागावू नका, जरा हात बघू?" आणि त्याच्या मनगटावरची सैल कातडी तिने बोटाने हळूच उचलून सोडली. "असं होतं होय," ती स्वतःशीच म्हणाली आणि निघून गेली.

न्हाव्याने त्याला खुर्चीत बसवलं आणि कात्री हातात घेऊन नुसता उभा राहिला.

"काय झालं रे?"

"पांढऱ्या केसांची सवय नाही, काका. बाप्याचे पांढरे केस कापायची वेळच येत नाही."

"मग तुमचे म्हातारे कुणाकडे जातात?"

न्हाव्याने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "मान जरा खाली घ्या," एवढंच तो म्हणाला.

नात चार दिवस त्याच्या जवळ आली नाही. दाराच्या फटीतून बघायची. शेवटी लेकीने तिला पुढे ढकललं, "अगं, आजोबा आहेत तुझे, जा ना." पोरीने मान हलवली.

"आजोबा भिंतीवर असतात," ती म्हणाली.

लेक हसली, पण हसू अर्ध्यावर मोडलं. म्हाताऱ्याने त्या संध्याकाळी जावयाला गाठलं. जावई रंगारी. उंच इमारती रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नखांत कायम रंग असायचा.

"जावईबापू, तुमच्या गावातले म्हातारे कुठे बसतात? बागेत गेलो, बाकांवर सगळ्या बायकाच."

"बायका बसतात म्हणजे बाक वाया गेले नाहीत."

"थट्टा नको. बाप्ये कुठेत?"

जावयाने बोटांवरचा रंग घासलेटाच्या फडक्याने पुसला. सगळी बोटं पुसून झाल्यावर म्हणाला, "इथं माणूस पिकत नाही, मामा. हिरवाच गळतो. आमच्याकडचं असंच आहे. काम लवकर शिकायचं, लग्न लवकर करायचं, पोरं लवकर मोठी करायची. आणि त्याच्यावर घरात बोलायचं नाही. बोलून काय, ते ऐकतंय का?"

'ते' म्हणजे काय, हे म्हाताऱ्याला हळूहळू कळलं. त्या शहरात काळीज हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे. "अमका गेला." "कशाने?" "डावीकडचं." एवढ्यावर बोलणं संपायचं.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना वरच्या मजल्यावर होता, आणि जिना असा उभा की देवाघरी नेतो की काय वाटावं. पण पेशंट तक्रार करत नसत. उलट बाईंच्या हाताचं कौतुक करत. "चढताना दाढ अशी ठणकते की डोळ्यांपुढे काजवे. पण बाईंच्या खुर्चीत टेकलं की दुखणं पळालंच. हाताला गुण आहे. हात लावायच्या आधीच गुण." मग ते दाढ काढून घेत, आणि कारागीर एका दाढेची छोटी कवळी करून देई.

म्हाताऱ्याची कामाची खोली मागच्या बाजूला होती. आधीचा कारागीर वर्षभरापूर्वी गेला होता, ऐन चाळिशीत. त्याची हत्यारं खुंट्यांवर तशीच टांगलेली, आणि भिंतभर फळ्यांवर प्लास्टरचे साचे. ज्याची कवळी केली त्याच्या जबड्याचा साचा जपून ठेवायचा, ही या धंद्याची रीतच. कवळी मोडली तर माणसाला पुन्हा त्रास नको. पांढरे जबडे ओळीने बसलेले, खालचे-वरचे, वर धूळ.

पहिले काही आठवडे म्हातारा त्यांच्याकडे पाठ करून काम करत राहिला. मग एका दुपारी फळ्या पुसायला घेतल्या. उन्हाचा पट्टा खिडकीतून भिंतीवर आला होता. तो एकेक साचा उचलून फडक्याने पुसत होता, आणि मध्येच त्याचा हात थांबला. त्याने हातातला साचा बघितला, शेजारचा बघितला, त्याच्या शेजारचा बघितला.

खाली, डावीकडे. प्रत्येकात खिंडार तिथेच.

बाकीचे दात धडधाकट. झिजलेले नाहीत, किडलेले नाहीत, तरुण माणसाचे दात. म्हाताऱ्याने जन्मभर तोंडं पाहिली होती. कीड अशी रांगेत उभी राहून एकाच दारात शिरत नाही. तो फळीमागून फळी बघत गेला. ऊन पुढे सरकलं तशा त्या पांढऱ्या जबड्यांच्या सावल्या लांबल्या, आणि सगळ्यांच्या सावलीत तीच एक भोकाएवढी उजेडाची फट. शेवटच्या फळीवर आधीच्या कारागिराचा स्वतःचा साचा होता, खाली खडूने 'माझा' लिहिलेला. त्यालाही तिथेच.

त्याच आठवड्यात एक बाई जिना चढून आली. तिचा नवरा म्हाताऱ्याला आठवत होता. गवंडी, मोठ्याने हसणारा, उन्हाळ्यात दाढ बसवून घेतलेली. बाईने पदराच्या गाठीतून ती दाढ काढली आणि मेजावर ठेवली.

"ही तुमची. यांना फार दिवस वापरता आली नाही. नवीच आहे. कुणाला लागली तर द्या."

"बाई, हे ज्याचं त्यालाच बसतं."

"असू दे. मागच्या कारागिराकडे सगळ्याजणी आणून देत होत्या. तो त्या तिथे ठेवायचा." तिने बोट दाखवलं. खालचा खण म्हाताऱ्याने कधी उघडला नव्हता. ओढला तर आतून खडखड आवाज आला, मूठभर गारगोट्या हलवल्यासारखा. खण दाढांनी भरलेला होता. एकीवरही झीज नव्हती.

म्हातारा खण तसाच उघडा टाकून बाईंच्या खोलीत गेला.

डॉक्टरीणबाई चाळिशीच्या, विधवा. त्यांनी ऐकून घेतलं. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"माहीत आहे मला, काका. सरकारने देशाचा नकाशा काढलाय या रोगाचा. तुमचा डोंगर फिकट, आमचा मुलूख लालभडक. मध्ये एक नदी नि घाट. एकाच देशाची माणसं, पण वर मरतात त्याच्या दुप्पट खाली मरतात. का, ते कुणी म्हणतं पाणी, कुणी धूर, कुणी मीठ, कुणी आईच्या पोटातली उपासमार. दरवेळी नवी माणसं येतात, रक्त घेऊन जातात."

"मग दाढेचं काय?"

"डावीकडचं दुखणं कधीकधी जबड्यात बोलतं. मी प्रत्येकाला सांगते, आधी मोठ्या इस्पितळात जा. ते हसतात. म्हणतात, बाई, दाढ दुखतेय, छाती नाही. मी नाही काढली तर बाजारातल्या त्या पक्कडवाल्याकडे जातात, आणि रक्त पिकून मरतात. तुम्हीच सांगा काय करू. रोग रेड्याला, औषध पखालीला. पण रेडाच म्हणतोय, मी ठणठणीत आहे."

म्हाताऱ्याला हे पटलं, आणि पटलंही नाही. दात दुखतो तेव्हा दात दुखतो, हे तो जन्मभर मानत आला होता. दुसरं काही बोलत असेल आणि दात नुसता ओरडत असेल, हे कारागिराच्या गळी उतरेना. साचे तेवढे त्याने भिंतीकडे तोंड करून ठेवले. तरी काम करताना मानेवर कोणी बघतंय असं वाटायचं.

आणि मग जावयाची दाढ दुखू लागली.

"शिडीवर चढलो की ठणकते," जेवताना तो म्हणाला. "खाली आलं की गप. वर वारा लागतो ना."

"कुठली?" लेकीने विचारलं. तिने विचारायला नको होतं. तिला माहीत होतं.

"खालची. डावी."

तिचा हात ताटावरून उठला नाही. म्हाताऱ्याने बघितलं, तिची नजर एक क्षण भिंतीवर गेली आणि परत ताटात आली. खिळा कशासाठी आहे, ते त्याला त्या वेळी कळलं. घराघरात, फोटोंच्या शेजारी, त्याने तसे रिकामे खिळे पाहिले होते.

"जावईबापू, इस्पितळात दाखवू या," तो म्हणाला.

"दाढेला इस्पितळ? मामा, तुम्ही स्वतः दातांतले, आणि दाढेला घाबरता?"

"मी दाढेला घाबरत नाही."

"मग?" जावई थांबला. त्याचा चेहरा बंद दारासारखा झाला. "तो शब्द घरात नको. माझा बाप त्या इस्पितळात उभा गेला नाही, आडवा गेला नि आडवा आला. काकाही तसाच. तिथून आडवाच माणूस येतो."

"आडवे होईपर्यंत कोणी जातच नाही, म्हणून."

"पुरे, बाबा," लेक म्हणाली. कुणासाठी म्हणाली, कळलं नाही.

पाण्याच्या उंच टाकीला रंग द्यायचं काम जावयाला मिळालं होतं. त्याआधी दाढ काढून मोकळा होणार, असं त्याने ठरवलं. म्हाताऱ्यानेच मग ठसा घेतला. आपण नाही घेतला तर तो पक्कडवाल्याकडे जाईल, ही बाईंचीच भीती आता त्याच्या मानेवर बसली होती. साचा ओतला, सुकला, फळीवर ठेवला. सगळे दात जागच्या जागी. त्या भिंतभर खिंडारांमध्ये तो एकच सबंध जबडा, वाट बघत बसल्यासारखा.

ज्या सकाळी दाढ काढायची, त्या सकाळी म्हातारा बाजारातून प्लास्टरची पिशवी खांद्यावर घेऊन जिना चढत होता. निम्म्यावर आला आणि त्याची दाढ ठणकली.

खालची, डावी. आतून कोणी पोखरतंय तशी. तो ओठ घट्ट मिटून आणखी थोडा चढला. ठणका वाढला. 'आता हीपण काढावी लागणार,' तो मनाशी म्हणाला.

आणि तिथेच उभा राहिला.

कारण त्याला दाढ नव्हती. एकही दात नव्हता. स्वतःच्या हाताने केलेली कवळी तो कितीतरी वर्षं वापरत होता.

त्याने पिशवी पायरीवर ठेवली, तोंडात बोटं घातली आणि कवळी बाहेर काढली. तळहातावर ती ओली, गुलाबी, निमूट बसली होती. तिच्यातली डावी दाढ त्याने अंगठ्याने दाबून पाहिली, वेड्यासारखी. मग रिकाम्या हिरडीवर जीभ फिरवली. काही नव्हतं तिथे. आणि तिथेच दुखत होतं. दाढ हातात होती आणि दुखणं तोंडात.

जिन्यात गारवा होता, तरी त्याच्या पाठीवरून घामाची धार गेली. तो भिंतीला टेकून खाली बसला. थोड्या वेळाने ठणका उतरला, पाहुणा न सांगता उठून जावा तसा. त्याला पेशंट म्हणायचे ते आठवलं. बाईंच्या हाताला गुण आहे. हात लावायच्या आधीच.

गुण खुर्चीचा होता. बसण्याचा.

वर दवाखान्यात बाकावर पुरुष बसले होते. एक शिंपी, एक गाडीवान, डाक वाटणारा एक, आणि कडेला जावई. बाई हात धूत होत्या. जावयाचा नंबर पुकारला तोच म्हातारा दारात आला, तोंड बसलेलं, गाल आत गेलेले, कवळी मुठीत. आणि तो सरळ जाऊन खुर्चीत बसला.

"काका?" बाई म्हणाल्या.

"दाढ दुखतेय," तो बोबड्या बोलीत म्हणाला. "काढा."

"कुठली?"

"खालची. डावी. चढताना ठणकते. इथे टेकलं की थांबते." आणि त्याने आ केला.

बाईंनी दिवा ओढला. आत नुसत्या हिरड्या, बाळासारख्या. बाकावर गाडीवान हसला. "म्हातारबा, दात नाहीत नि दाढदुखी! बोळक्यात काय भूत बसलंय?"

सगळे हसले. जावईही हसला, संकोचून, मामांनी चारचौघांत हात दाखवून अवलक्षण केलं म्हणून. म्हातारा हसला नाही. त्याने मूठ उघडून कवळी पुढे धरली.

"ही बघा दाढ. हिला काही होत नाही. मग दुखतंय ते कोण?"

हसू एकदम संपलं नाही. ते एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं. शिंप्याचा हात वर गेला आणि डाव्या जबड्याखाली थांबला. डाक वाटणाऱ्याचा गेला. गाडीवानाने गालाला लावलेला हात खाली घेतला, मग पुन्हा वर नेला. कोणी कोणाकडे बघेना. ते तिघे आपापला गाल धरून, समोरच्या भिंतीवर आणखी कोणीतरी दिसत असल्यासारखे बघत राहिले.

जावयाचा हात मांडीवरच होता. तो म्हाताऱ्याच्या तोंडाकडे, त्या रिकाम्या काळोखाकडे बघत होता.

"मामा, तुम्ही तर वरचे," तो शेवटी म्हणाला. "तुम्हाला कसं?"

"मी आता खाली राहतो, बापू."

बाईंनी पक्कड खणात टाकली आणि खण गुडघ्याने बंद केला. "आज दाढ निघणार नाही," त्या म्हणाल्या. "कुणाचीच. खाली गाडीवानाची गाडी उभी आहे ना? बसा सगळे. हळू उतरा."

"आडवं व्हायच्या आधी जाऊ," म्हातारा जावयाला म्हणाला. "मी येतो बरोबर. दोघे उभे जाऊ."

जावई उठला. दारापाशी थांबून म्हणाला, "टाकीचं काम?"

"टाकी कुठे पळतेय?"

इस्पितळातल्या डॉक्टरने जावयाला त्या संध्याकाळी घरी सोडलं नाही. नळी कुठे बुजलीय ते त्याने पडद्यावर दाखवलं. बारीक, काळी, वाळलेल्या ओढ्यासारखी. आणखी थोडे दिवस गेले असते तर टाकीवरच झालं असतं, तो म्हणाला. नळी मोकळी केली. म्हाताऱ्याला गोळ्या दिल्या, आणि परत डोंगरात जाऊन राहा, असंही सुचवलं. "गेल्याने बरं होईल?" म्हाताऱ्याने विचारलं. डॉक्टर प्रामाणिक होता. "माहीत नाही," तो म्हणाला.

म्हातारा गेला नाही. शिंपी आणि डाकवालाही इस्पितळातून चालत परत आले. गाडीवान मात्र बाकीच्यांना इस्पितळाच्या दारात सोडून, 'आधी घोडा बांधून येतो' म्हणाला आणि आलाच नाही. पक्कडवाल्याकडे त्याने दाढ काढून घेतली, असं पुढे कळलं. महिन्याभराने त्याची बायको आली. तिच्याजवळ परत द्यायला काही नव्हतं, तरी ती खणापाशी थोडा वेळ उभी राहिली.

जावई घरी आला तो चालत. जरा दम घेतला, भिंतीकडे बघितलं, आणि बायकोला म्हणाला, "पक्कड आण." तिने आणली. त्याने खिळा उपटला. जुना खिळा, खोल गेलेला. निघताना भिंतीने कुरकुर केली. म्हाताऱ्याने दवाखान्यातून मूठभर प्लास्टर आणलं, कालवलं, बोटाने भोक भरलं. सुकल्यावर जावयाने वरून रंग दिला. शहरातला सगळ्यात चांगला रंगारी तो. कुठे हात मारला ते शोधून सापडू नये, असं त्याचं काम.

सकाळी तेवढा ठिपका ओला होता. त्याने पुन्हा रंग दिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओला, सुपारीएवढा, भिंतीपेक्षा एक छटा गडद. पावसाचे दिवस नव्हते. भिंतीमागे नळ नव्हता. जावई आता रोज कामावर जायच्या आधी त्याला एक हात देतो, आणि लेक तिथे केर काढताना जरा लांबून काढते.

नात आता म्हाताऱ्याच्या मांडीवर बसते. परवा तिने बोट त्या ठिपक्यावर टेकवलं, बोट हुंगून पाहिलं, आणि विचारलं,

"आजोबा, इथे कुणाचा फोटो होता?"

"कुणाचाच नव्हता," म्हातारा म्हणाला, आणि तिचं बोट आपल्या धोतराच्या सोग्याने कोरडं पुसलं.